नवी रॅम टाकल्यावर कॉम्प्युटर अडखळतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आण्णांचा फोन आला तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरला दुसऱ्यांदा फॉरमॅट मारून झाला होता. टर्निंगच्या कामाचं वर्कशॉप आहे त्यांचं. बिलं, कोटेशन आणि गिऱ्हाइकांकडून येणारी ड्रॉइंग एवढंच त्या कॉम्प्युटरवर चालतं. सेकंड जनरेशन आय३ प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड (पुढे नुसतं 'बोर्ड' म्हणतो), ४ जीबी रॅम. ड्रॉइंग उघडायला वेळ लागतो म्हणून त्यांनी रिकाम्या स्लॉटमध्ये ८ जीबीची आणखी एक पट्टी घातली. तीन दिवस मशीन पळालं. चौथ्या दिवशी विंडोज कोसळल्याचा निळा पडदा आला, मग एक्सेलची फाइल 'दुरुस्त करू का' विचारायला लागली, मग पीडीएफ उघडेना.

"नवीन रॅम फॉल्टी हाय बघ. चुना लावला मला," आण्णा म्हणाले.

रॅम खरंच फॉल्टी होती का, ते पुढे सांगतो. पण हा सगळा प्रकार इतक्या लोकांच्या बाबतीत इतक्या सारख्या क्रमानं घडतो, की एकदा नीट लिहून काढावं म्हटलं. स्क्रू ड्रायव्हर हातात धरता येत असेल तर पुढचं सगळं तुम्हाला घरी जमेल.

आधी थांबा

रॅम बिघडल्याचा संशय आला की विंडोज परत टाकू नका. विंडोज टाकताना प्रत्येक फाइल पेनड्राइव्हवरून आधी रॅममध्ये येते आणि मग डिस्कवर लिहिली जाते. रॅममध्ये एखादा आकडा बदलला तर तो बदललेलाच डिस्कवर जातो. म्हणजे चांगल्या विंडोजच्या जागी तुम्ही पहिल्या दिवसापासून किडकी विंडोज बसवता आणि आठवड्यानं पुन्हा त्याच जागी येता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डिस्क दुरुस्त करणारी साधनंही याच कारणासाठी आत्ता चालवायची नाहीत.

बॅकअपचंही तेच. घाईघाईनं सगळ्या फाइली त्याच मशीनवरून जुन्या बॅकअपवर ओतलीत, तर चांगल्या प्रतींवर खराब प्रती बसतील. मशीन बंद करा, नवी पट्टी काढा, जुन्या एकट्या पट्टीवर चालू करा आणि मग बॅकअप घ्या, तोही वेगळ्या फोल्डरमध्ये.

पट्टी त्या बोर्डाची आहे का

खूपदा बिघाड नसतोच, जोडी जुळत नसते. रॅमच्या पिढ्या असतात: डीडीआर३ बाजारात आली २००७ च्या सुमारास, डीडीआर४ २०१४ मध्ये आणि डीडीआर५ चं मानक २०२० मध्ये ठरलं. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पिढी स्लॉटमध्ये बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, एवढंच.

खरी गोची एकाच पिढीच्या आत होते. ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळणाऱ्या काही डीडीआर३ पट्ट्यांच्या वर्णनात बारीक अक्षरात 'फक्त एएमडी बोर्डासाठी' असं लिहिलेलं असतं. एएमडी आणि इंटेल या प्रोसेसर बनवणाऱ्या दोन कंपन्या. त्या पट्ट्यांवरच्या चिपची रचना वेगळी असते, इंटेलच्या बोर्डाला ती कळत नाही. अशी पट्टी घातली की एक तर डिस्प्ले येत नाही किंवा क्षमता अर्धीच दिसते. पट्टी चांगली असते, फक्त आपल्या कामाची नसते. जुन्या जी४१ बोर्डांची तऱ्हा तशीच. एकूण ८ जीबीच्या वर ती जात नाहीत, आणि ४ जीबीची पट्टी दोन्ही बाजूंनी मिळून १६ चिपची असेल तरच ती नीट ओळखतात. ८ चिपवाली नवी पट्टी आणलीत तर बोर्ड मान टाकतो. एच६१ ला दोन स्लॉट आणि १६ जीबीची मर्यादा. खरेदीच्या आधी बोर्डाचं नाव घेऊन त्याच्या मॅन्युअलात मेमरीचं पान वाचावं. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि रॅम कमी दिसते म्हणजे ती खराब आहे असं नाही. ३२ बिट विंडोज असेल तर ८ जीबी घातली तरी वापरात साधारण ३ ते ३.५ जीबीच येते. ६४ बिट असूनही कमी दिसत असेल तर 'एमएसकॉन्फिग' उघडून बूटच्या प्रगत पर्यायांत 'मॅक्झिमम मेमरी' समोर कुणी टिचकी मारून ठेवली आहे का बघा. वेग वाढवण्याच्या व्हिडिओंमधून ही टिचकी मारायची सवय पसरली आहे. वेग त्यानं काहीच वाढत नाही.

आता कॅबिनेट उघडा

वायर काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, पाठीमागची पॉवर केबलच ओढून काढा. प्लग लागलेला असताना बंद मशीनच्या बोर्डावरही ५ व्होल्ट असतात. केबल काढून पुढचं पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा, राहिलेली वीज निघून जाईल. मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. आपल्याकडच्या आषाढात हवा इतकी ओली असते की हा त्रास फारसा होत नाही, पण जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून थेट पट्टीला हात घालू नये. पट्टी कडेनं धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका.

दोन्ही बाजूंच्या कड्या मोकळ्या करा, पट्टी काढा आणि परत बसवा. दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सरळ दाबायचं, कड्या 'टक' करून आपोआप मिटल्या पाहिजेत. नवख्या माणसाला बोर्ड मोडेल अशी भीती वाटते म्हणून तो हळूच ठेवतो आणि एक टोक अर्धा मिलिमीटर वर राहतं. मशीन कधी चालू होतं, कधी नुसतंच बीप बीप करतं. माझ्याकडे येणारी कितीतरी कामं या एका दाबण्यातच संपतात आणि मग पैसे मागायला लाज वाटते.

आता खोडरबराचा विषय. आपल्याकडे प्रत्येक मेकॅनिक रॅमचे दात खोडरबरानं घासतो. मऊ पांढऱ्या पेन्सिलच्या रबरानं दोन हलके हात मारले तर चालतं, मीही करतो. पण शाई खोडायचं खरखरीत रबर वापरू नका, त्यानं सोन्याचा पातळ मुलामाच जातो. घासल्यावर रबराचा कीस ब्रशनं झटका, नाहीतर तो स्लॉटमध्ये जाऊन बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर तेच बरं, स्वच्छ कापडावर दोन थेंब पुरतात. स्लॉटमध्ये तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते.

पट्टी बदलल्यावर डिस्प्लेच येत नसेल तर बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, वायर काढलेली असताना पाचेक मिनिटं बाहेर ठेवून परत बसवा. बायोसची, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची, जुनी सेटिंग पुसली जातात आणि बोर्ड नव्या रॅमची ओळख पहिल्यापासून करून घेतो. सेल दहा वर्षं जुना असेल तर नवाच घाला.

परीक्षा घ्यायची ती अशी

विंडोजमध्ये एक साधन असतंच. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा, रीस्टार्टला होकार द्या. परीक्षा चालू झाली की एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडा, कारण आपोआप चालते ती मधली परीक्षा. हे साधन चूक दाखवत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवा. काही सापडलं नाही असं म्हणत असेल तर ठेवू नका. वरवरची तपासणी म्हणून ते ठीक, पण आण्णांच्या मशीनलाही त्यानं 'सगळं ठीक' असंच सर्टिफिकेट दिलं होतं.

खरी परीक्षा मेमटेस्ट८६+ ची. नावात शेवटी अधिकचं चिन्ह आहे. ते नसलेलं मेमटेस्ट८६ हे वेगळं सॉफ्टवेअर आहे. तेही चांगलं आहे, पण त्याच्या नव्या आवृत्त्या फक्त यूईएफआय, म्हणजे बायोसचा नवा अवतार, असलेल्या मशीनवर चालतात. अधिकच्या चिन्हाचं मोफत आहे आणि त्याची ६ व्या आवृत्तीपासून पुढची रूपं जुन्या बायोसवर आणि यूईएफआयवर, दोन्हीकडे चालतात. जुन्या मशीनसाठी हेच सोयीचं. अधिकृत साईटवरून पेनड्राइव्ह तयार करणारी आवृत्ती उतरवा. हे काम दुसऱ्या, चांगल्या मशीनवर करा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा त्यात लग्नाचे फोटो नाहीत ना बघून घ्या.

पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करताना बूट मेन्यूची कळ दाबत राहा. बोर्डानुसार ती एफ८, एफ११, एफ१२ किंवा एस्केप असते, सुरुवातीच्या पडद्यावर बहुधा लिहिलेलं असतं. परीक्षा आपोआप सुरू होते. एक पूर्ण फेरी व्हायला रॅम आणि प्रोसेसर पाहून पाऊण तासापासून दोन-तीन तास लागतात. संध्याकाळी लावून सकाळी बघणं उत्तम, कारण काही बिघाड पट्टी तापल्यावरच वर येतात.

चुकांचा आकडा शून्य राहिला पाहिजे. 'एकच तर चूक आहे' हे इथं चालत नाही. ८ जीबीच्या पट्टीत सुमारे ६,८७० कोटी बिट असतात, आणि त्यातला एक जरी सरकला तरी तो कुठल्या फाइलवर पडेल ते सांगता येत नाही. फोटोत पडला तर एक ठिपका बिघडेल, तुम्हाला कळणारही नाही. विंडोजच्या गाभ्यावर पडला तर निळा पडदा. बिलाच्या रकमेवर पडला तर काय, ते आण्णांना विचारा.

सकाळी मशीन ठीक आणि दुपारी बंद, असं का होतं तेही यातच आलं. नुसता ब्राउझर उघडा असतो तेव्हा बरीचशी रॅम मोकळी असते आणि खराब जागेपर्यंत काम पोचतच नाही. मोठं ड्रॉइंग, कोरलची फाइल आणि क्रोमचे वीस टॅब एकदम उघडले की मग ती जागा वापरात येते.

कागद आणि पेन्सिल

इथंच लोक चुकतात. दोन्ही पट्ट्या बसलेल्या असताना चुका आल्या की नवी पट्टी परत पाठवून मोकळे होतात. पण परीक्षेत दिसणारा पत्ता कुठल्या पट्टीतला आहे ते त्यावरून खात्रीनं सांगता येत नाही. बोर्ड दोन्ही पट्ट्यांवर काम आलटून-पालटून वाटतो. म्हणून एका वेळी एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये. दोन पट्ट्या, दोन स्लॉट, चार खेपा. कागदावर चौकट आखा, पट्टीवर पेन्सिलनं खूण करा आणि प्रत्येक खेपेचा निकाल लगेच लिहा. तिसऱ्या खेपेला डोक्यात गोंधळ होतोच, मला वीस वर्षांनंतरही होतो. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर एकटी पट्टी कुठल्या स्लॉटमध्ये घालायची ते मॅन्युअल सांगतं, बहुतेक वेळा प्रोसेसरकडून दुसरा.

आण्णांच्या कागदावर असं लिहिलं गेलं. जुनी पट्टी, पहिला स्लॉट: चांगलं. नवी पट्टी, पहिला स्लॉट: चांगलं. इथं आण्णांच्या भुवया वर गेल्या. नवी पट्टी, दुसरा स्लॉट: विसाव्या मिनिटाला चुका. जुनी पट्टी, दुसरा स्लॉट: चुका.

दोन्ही पट्ट्या निर्दोष, दुसरा स्लॉट गुन्हेगार. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून आत बघितलं तर स्लॉटच्या तळाशी राखाडी पूड चमकत होती. दहा वर्षं तो स्लॉट उघडा होता, आणि कॅबिनेट लेथपासून पंधरा फुटांवर. लोखंडाचा बारीक चुरा हवेतून येऊन आत साठला होता. पट्टी बसवली तेव्हा तो दातांच्या मध्ये दाबला गेला.

"दादा, हवा मारू काय?" असं म्हणत पोरगा कॉम्प्रेसरची नळी घेऊन आलाच. त्याला थांबवला. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असतं, दाबही इतका की चुरा निघण्याऐवजी बोर्डावर सगळीकडे पसरेल. आम्ही बोर्ड बाहेर काढून उलटा धरला, कोरड्या मऊ ब्रशनं चुरा खाली झटकला, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला आणि अर्धा तास वाळू दिला. रात्री दोन्ही पट्ट्या घालून परीक्षा लावली. सकाळी शून्य चुका.

हाताशी धरायचा हिशेब असा. एकच पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये नापास होते, तर पट्टी गेली. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये नापास होतात, तर स्लॉट, किंवा क्वचित प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन. सगळंच सगळीकडे नापास होत असेल तर रॅम बाजूला ठेवून एसएमपीएसकडे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, वळा. जुन्या बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे नळकांड्यासारखे छोटे उभे भाग, डोक्यावर फुगलेत का, त्यातून तपकिरी काही पाझरलंय का बघा. दहा वर्षांचा स्वस्तातला एसएमपीएस जास्तीचा भार आला की व्होल्टेज सोडतो आणि आळ रॅमवर येतो. ओळखीच्याकडून चांगला एसएमपीएस तासाभरासाठी मागून आणून लावून बघा.

वेगवेगळ्या चांगल्या, एकत्र मात्र नाही

सगळ्यात डोकेदुखीचा प्रकार हा. एकेकटी पट्टी रात्रभर पास, दोघी एकत्र बसवल्या की चुका. दोन सुनांसारखं, असं आमच्याकडे म्हणतात, पण बिचाऱ्या सुनांना उगाच कशाला मध्ये घ्या. कारण सरळ आहे: दोन पट्ट्यांचा वेग, टायमिंग किंवा व्होल्टेज वेगळं असतं. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची, तर एल अक्षर लागलेली १.३५ ची. ही एलवाली बहुधा १.५ वरही चालते, पण १.५ वाली पट्टी १.३५ वर चालेल याची खात्री नाही.

उपाय क्रमानं करा. बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंग परत आणा. नाही जमलं तर मेमरीचा वेग एक पायरी खाली घ्या, १३३३ चा १०६६. रोजच्या कामात हा फरक कळतसुद्धा नाही. बोर्डाच्या कंपनीनं नवा बायोस दिला असेल तर तो शेवटचा उपाय म्हणून, आणि तोही वीज जाणार नाही अशा वेळी, यूपीएसवर. वळिवाच्या दिवसांत संध्याकाळी चार वाजता बायोस अपडेट करायला बसू नका. अर्ध्यात वीज गेली तर बोर्ड कायमचा झोपेल. यातून काहीच झालं नाही तर दोन्ही पट्ट्या विकून एकाच मेकच्या, एकाच नंबरच्या दोन घ्या.

पट्टीच गेली असेल तर

राजारामपुरीत लग्नपत्रिकांचं डिझाइन करणारा माझा एक मित्र आहे. त्याच्याकडे वेगळी गोष्ट होती. एकच पट्टी, कुठल्याही स्लॉटमध्ये घाला, चूक दर फेरीला त्याच पत्त्यावर. जिथं ०००००००० यायला हवं तिथं ०००००४०० सारखा आकडा, दर वेळी तोच एक बिट चिकटलेला. चिपमधला एक कण मेला की असं दिसतं. त्याला साफसफाईचा किंवा सेटिंगचा उपाय नाही. चुका पत्ते बदलत इकडेतिकडे पसरत असतील तर मात्र संपर्क, व्होल्टेज किंवा वेग यांच्याकडे आधी बघा.

लिनक्सवाले अशा वेळी खराब पत्ता वगळायला सांगतात, आणि ते जमतंही. पण गिऱ्हाइकांचं काम चालणाऱ्या मशीनवर मी तो मार्ग घेणार नाही. पट्टी बदलून घ्या. बिल जपून ठेवा, पट्टीवरचं स्टिकर फाडू नका आणि परीक्षेच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. 'मशीन हँग होतं' म्हटलं की दुकानदार विंडोजकडे बोट दाखवतो, पत्ता आणि चुकांचा आकडा दाखवला की वाद होत नाही.

लॅपटॉपला हेच सगळं लागू आहे, फक्त बॅटरीची वायरही आतून सुटी करायची. काही लॅपटॉपमध्ये एक रॅम बोर्डावरच डाकलेली असते. ती नापास झाली तर घरचं काम नाही.

दुरुस्तीनंतरची झाडलोट

रॅम रात्रभर पास झाल्यावरच विंडोजकडे वळायचं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, 'एसएफसी' टाईप करून एक जागा सोडा, स्लॅश द्या, त्याला लागून 'स्कॅननाऊ' टाईप करा आणि एंटर दाबा. विंडोजच्या बिघडलेल्या फाइली त्यानं दुरुस्त होतात. मग डिस्क तपासून घ्या. फॉरमॅट मारायचाच असेल तर तो आत्ता.

तुमच्या स्वतःच्या फाइली मात्र कुठलंही साधन तपासून देत नाही. रॅम बिघडलेली असताना ज्या फाइली सेव्ह झाल्या, तेवढ्याच तारखेनुसार लावून एकेक उघडून बघाव्या लागतात. आण्णांच्या त्या दिवसांतली बिलं आम्ही छापील प्रतींशी ताडून पाहिली. सगळी जुळली. दोन ड्रॉइंग उघडली नाहीत, ती गिऱ्हाइकाकडून मेलवर परत मागवली. चार खेपांचा तो कागद आण्णांनी चिकटपट्टीनं कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लावून ठेवलाय, आणि कॅबिनेट आता लेथजवळ नाही, ऑफिसच्या काचेआड आहे.